दफ्तरी दाखल न झालेला स्वर

कपाटातील जुन्या ध्वनिमुद्रिका गेल्या आठवड्यात खाली काढून त्यांवरची धूळ पुसत असता, कित्येक वर्षे सुईचा स्पर्श न झालेली एक तबकडी हाती आली, आणि आरंभिलेले काम तेथेच राहिले. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांची, १९७६ साली सीबीएस कंपनीने काढलेली ‘द डेव्हिल इज लूज’ ही ती तबकडी. निर्माते जर्मनीचे डिटर त्सिमरमान, वळण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल आणि फंक संगीताचे, आणि कंठ आपल्या शहरातला.

फंकमध्ये आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला जे वजन असते, ते जेम्स ब्राउन यांनी आपल्या वादकांकडून इतक्या कसोशीने वसूल करून घेतले, की समेची वाट पाहण्याची ज्याच्या कानाला सवय आहे त्या आपल्या श्रोत्याला हे संगीत परके वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. ‘स्पेस टॉक’ या गीतात बेस गिटार ती जागा खालून घट्ट धरून ठेवते, आणि पुथली मात्र तिच्या किंचित मागून, जवळजवळ श्वासानेच, शब्द उच्चारीत येतात. लयीशी इतकी सलगी हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळालेला गळाच करू धजतो, असे ही बाजू तिसऱ्यांदा ऐकताना मला निश्चयाने वाटले. दोन-तीन गाणी नुसत्या गोडव्याकडे झुकतात, हेही कबूल केले पाहिजे.

‘स्पेस टॉक’ हे गीत मात्र न्यूयॉर्कात डेव्हिड मान्कुसो यांच्या ‘लॉफ्ट’मधील नृत्यरात्रींत वाजत राहिले, १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. यांच्या रॅपखाली पुन्हा उमटले. आणि त्याच्याही पूर्वी, १९७१ मध्ये, ऑर्नेट कोलमन यांच्यासारख्या जॅझमधील बंडखोर प्रतिभावंताने ‘सायन्स फिक्शन’ या आपल्या ध्वनिमुद्रिकेसाठी दोन गीते पुथली यांच्याकडून गाऊन घेतली होती. इतके असूनही आमच्या संगीताच्या दफ्तरी हे नाव दाखल नाही, कारण त्या दफ्तराला रकानेच शास्त्रीय, नाट्य, भाव आणि चित्रपट एवढे, आणि यांपैकी कोणत्याच रकान्यात जे मावत नाही त्याच्या नोंदीची तजवीज आम्ही कधी केली नाही. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणाऱ्या, चित्रपटगीतांचे वाद्यमेळ बांधून देणाऱ्या गोमंतकीय वादकांचीही बहुतांशी हीच गत झाली.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्राने एका रात्री थोडा वेळ राखून, गायिकेच्या जन्मशहराचा स्पष्ट उल्लेख करून, ही तबकडी अथपासून इतिपर्यंत वाजवावी, अशी माझी विनंती आहे. तबकडी मी स्वतः नेऊन देईन.