पातेल्याची किंमत, पातेल्याचा खर्च

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून, ठोक्यांच्या अखंड नादातून वाट काढीत, एखादा गृहस्थ वजनावर भाव ठरवून पितळी पातेले घरी आणतो आणि ती रक्कम जमाखर्चाच्या वहीत खर्ची टाकून निश्चिंत होतो, तेव्हा हा केवळ पहिला हप्ता आहे याची त्याला सुतराम कल्पना नसते. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हिरवट पडते आणि पोटास अपाय करते; सबब कल्हईवाल्यास पाचारण करणे क्रमप्राप्त होते. त्याचा भाता, तापल्या भांड्यात नवसागर पडताच उठणारा पांढरा धूर आणि कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने क्षणार्धात फिरविलेली ती रुपेरी झाक पाहण्यात आमची मुले जेवण विसरत, हे कबूल. परंतु तो तमाशाही फुकट नव्हता. शिवाय घासण्यास चिंच, राख आणि मोलकरणीची जड भांड्यांबद्दलची कुरकुर, जिची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. आमच्या जुन्या वहीत ‘पातेले’ एकदाच लिहिलेले सापडते. ‘कल्हई’ मात्र दर चार पानांआड आहे.