मनावर घेऊ नका म्हणे!

आमच्या गोंदिया जिल्ह्यात वंशभेद नाही, असं इथला शिकला-सवरलेला माणूस छातीठोकपणे सांगतो. वंशभेद म्हणजे गोरे आणि काळे; तो अमेरिकेत, फार तर दक्षिण आफ्रिकेत. शाळेनेही तो तिथेच नेऊन ठेवलाय. गांधीजींना १८९३ साली पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनवर गाडीतून उतरवलं, मंडेला २७ वर्षं तुरुंगात राहिले, हे मुलं मार्कांसाठी घोकतात. घंटा झाली की त्यांच्यातलीच दोन-चार टारगट पोरं एखाद्या तिबेटी मुलामागे ‘चिनी, चिनी’ करत पटांगणभर धावतात. गुरुजी तेव्हा चहा पीत असतात.

गोंदियात तिबेटी कुठून आले, असं विचारणाऱ्याने अर्जुनी मोरगाव तालुक्यात एक चक्कर मारावी. इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडकडे नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला आपण हजारोंनी जातो, पण ही वसाहत आपल्याला दिसत नाही. तिथली माणसं आपल्यासारखाच धान पिकवतात, थंडीत गावोगाव स्वेटर विकतात. त्यांची तिसरी पिढी इथे वाढतेय. भारतात २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेला तिबेटी कायद्याने जन्मतःच भारतीय नागरिक ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसा निकालही दिलाय. ज्या सत्तेमुळे यांच्या आजी-आजोबांना मुलूख सोडावा लागला, तिचंच नाव आपण यांच्या नातवंडांच्या कपाळी चिकटवतो. वर आपल्याला इतिहासाचा कोण अभिमान!

हिवाळ्यात स्वेटरच्या बाजारात पाहिलेला प्रकार सांगतो. कडेवर पोर घेतलेला एक गृहस्थ दुकानदार बाईला म्हणाला, “ए चिनी, कितीचा दिला?” बाई तुमच्या-माझ्या आईच्या वयाची. ती शांतपणे म्हणाली, “भाव एकच हाय दादा. घ्याचं असन तं घ्या.” झाडीपट्टीत जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडी असावी तशी बोली. कडेवरचं पोर टाळ्या पिटत ‘चिनी, चिनी’ म्हणायला लागलं. बाप हसला, भोवतालची गिऱ्हाइकं हसली. मी म्हटलं, “अहो, मावशी म्हणायला शिकवा त्याला.” त्यावर तो मला म्हणतो, “गंमत केली हो, मनावर घेऊ नका.” मनावर मी का घेणार? बोलला त्या बाईला आणि समजूत माझी काढतोय! तिच्याकडे त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

‘लहान आहे, त्याला काय समजतं’ ही आपली लाडकी ढाल. समजत नसतं तर बाप हसल्यावर ते पोर दुसऱ्यांदा ओरडलं नसतं. कोणाला काय म्हटलं की घरचे खूश होतात, हे त्याला बाराखडीच्या आधी कळतं. आणि ते जेव्हा खरोखर निरागसपणे विचारतं, “आई, यांचे डोळे असे का?” तेव्हा आपण त्याचा दंड चिमटतो आणि ‘शूऽ’ करतो. प्रश्नात वावगं काहीच नसतं. वावगं असतं ते आपलं दचकणं. त्यातून पोर एवढंच शिकतं की त्या चेहऱ्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. त्यापेक्षा सरळ सांगा: माणसांचे नाक-डोळे निरनिराळे असतात, जसे तुझे आणि माझे, जा, त्यांना नाव विचार.

बरं, हे तिबेट्यांपुरतं थांबतं का? सालेकसा-देवरीकडचं गोंडाचं पोर शहरातल्या शाळेत आलं की त्याच्या रंगावरून, बोलीवरून ‘जंगली’ ठरतं. माघ पौर्णिमेला कचारगडला देशभरातून गोंड समाज लोटतो, तेव्हा आपल्याला तो फोटोपुरता आवडतो. घरात पोरीला ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ हा उपदेश रोजचाच. या आदिवासी मुलाच्या पाठीशी निदान १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. प्रतापगडच्या तिबेटी मुलाला तेही छत्र नाही.

गंमत कुठवर जाते? जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून टवाळी झाली, मग मारहाण, मग मृत्यू. त्यानंतर सरकारची बेझबरुआ समिती बसली, तिने त्याच वर्षी वंशद्वेषी अपमानासाठी वेगळं कलम सुचवलं. २०२४ मध्ये नवी न्याय संहिता आली, तरी ते स्वतंत्र कलम आलंच नाही. दरम्यान २०२० मध्ये ईशान्येकडच्या लोकांना भर रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवून झालं होतं. हे करणारी माणसं आभाळातून पडली नव्हती. कुणाच्या तरी कडेवर टाळ्या पिटतच मोठी झाली होती.

मुलांशी असलं बोलायचं म्हणजे पाश्चात्त्य थेरं, असं म्हणणाऱ्यांना जोतीराव फुले आठवत नाहीत. अमेरिकेतल्या काळ्या माणसांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना त्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखांतलं साम्य मांडलं. नॉरग्येलिंग वसली त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. मराठी माणसाने हे नातं कधीच ओळखलं होतं. आपण मात्र पुतळ्यांना हार घालतो आणि बाजारात ‘ए चिनी’ म्हणतो.

तेव्हा पालकसभेत गणवेश आणि पोषण आहार यांवर बोलून झालं की हाही विषय काढा. आपलं पोर कुणाला चिडवून आलं तर त्याच्या कानफटात मारू नका. ते कुठून उचललं ते विचारा. बहुधा शोधायला फार लांब जावं लागणार नाही. आणि एसटीत, लग्नाच्या पंगतीत, चौकात कोणी असं बोललं तर पोरांदेखत, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, “असं बोलू नका.” भाषण नको, मोर्चा नको, एवढं एक वाक्य पुरे. फार तर पाहुणे रुसतील. रुसू द्या.