डोळ्यातल्या यंत्राला जामीन कोण?

चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कुणी नव्या वस्तूचे गुणगान करू लागले, की मी बारीक अक्षरांतल्या अटी शोधू लागतो. मेंदूत चिप बसवून नुसत्या विचाराने संगणक चालवणाऱ्या माणसाची बातमी 2024 मध्ये आली, तेव्हा नातू हरखून गेला. मला मात्र ‘आर्गस’ची गोष्ट आठवली.

रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आजारात डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पुढच्या पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. त्यांनाच हाक मारायची, असे कॅलिफोर्नियातील ‘सेकंड साइट’ कंपनीने ठरवले. चष्म्यात कॅमेरा, अंगावर बाळगायचा छोटा संगणक आणि डोळ्याच्या पडद्यावर 60 विद्युत-टोकांची पट्टी. दिसायचे ते प्रकाशाचे ठिपके. पण दाराची चौकट, समोरून कुणी गेल्याची चाहूल, हे वर्षानुवर्षे काळोखात असलेल्या माणसाला किती मोलाचे, ते आपण डोळसांनी ठरवू नये. युरोपात 2011 मध्ये आणि अमेरिकेत 2013 मध्ये परवानगी मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले.

2019 मध्ये कंपनीने ‘आर्गस’चे उत्पादन थांबवले. मार्च 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी घरी गेले. आता चष्मा मोडला तर सुटा भाग आणायचा कुठून? एका रुग्णाला चक्कर येऊ लागली. डोळ्यात हे यंत्र असताना एम.आर.आय. करावा का, ही साधी माहितीही कंपनीकडून मिळेना.

आपल्याकडे 1960 मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्यानंतर, 1962 पासून, ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. 2020 मध्ये त्याची मर्यादा 5 लाख रुपये झाली. म्हणजे आधी पोळावे लागले, मग शहाणपण आले. शरीरात यंत्र बसवणाऱ्या कंपनीकडूनही प्रत्येक रुग्णामागे दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून घ्यावी. यंत्राचे आराखडे त्रयस्थाकडे सीलबंद ठेवावेत आणि कंपनीला टाळे लागले की ते खुले व्हावेत. एवढे ओझे टाकले तर संशोधन कोण करील, असे कुणी म्हणेल. जामीन मागितला की कर्जदार कारखानदारही मला हेच ऐकवत. तरी कारखाने निघालेच.

आमच्या इमारतीतल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या कानात सरकारी मदतीने कॉक्लिअर इम्प्लांट बसवले आहे. आतला भाग टिकेल. बाहेरचे यंत्र मात्र काही वर्षांनी बदलावे लागेल आणि ते स्वस्त नाही. परवा जिन्यात तिचे वडील म्हणाले, “काका, त्यासाठी आत्तापासून रिकरिंग सुरू करू का?”

मी हो म्हणालो. दरमहा किती भरायचे, ते रविवारी बसून ठरवणार आहोत.