फी भरली आणि हाती झाडू आला

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कुरुदमध्ये विजेच्या खांबांवर नवी पत्रकं चिकटतात. (कुरुद म्हणजे भिलाईतलं, कोहका-कुरुद म्हणतात ते. धमतरी जिल्ह्यातलं कुरुद वेगळं, हे नातेवाइकांना दरवेळी समजावून सांगावं लागतं.) त्यातलं निम्मं पीक ब्युटीशियन कोर्सचं असतं. ३ महिन्यांत ब्युटीशियन व्हा, १०० टक्के प्लेसमेंट, सरकारमान्य सर्टिफिकेट, किट मोफत. खाली एक मोबाइल नंबर आणि नवरीचा फोटो.

माझ्या ओळखीतल्या तीन मुलींनी गेल्या काही वर्षांत असे कोर्स केले. तिघींच्या संस्था वेगळ्या, पण अनुभव ऐकताना वाटावं की तिघी एकाच बाकावर बसल्या होत्या. पहिल्या आठवड्यात मॅम गोड बोलतात, वही घ्यायला लावतात, त्वचेचे प्रकार लिहून देतात. मग हळूहळू शिकवणं पातळ होतं. संस्था आणि पार्लर एकाच गाळ्यात असतं, मध्ये फक्त पडदा. पलीकडे गिऱ्हाईक आलं की मुलींना हाक येते. टॉवेल धुवा, वॅक्स गरम करा, केस झाडून घ्या, चहा सांगा. यांपैकी एकीने दीड महिन्यात फक्त चार वेळा कात्री हातात धरली होती. तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरलेली, त्यामुळे घरी सांगायची चोरी. ती रोज संध्याकाळी 'आज हेअरकट शिकले' असं सांगायची.

लग्नाच्या मोसमात तर विचारूच नका. आमच्याकडे अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नांची झुंबड असते. त्या दिवसांत क्लास बंद आणि मुली ब्रायडल ऑर्डरवर. पहाटे पाचला निघायचं, मॅमची पेटी उचलायची, पिना हातात द्यायच्या, साडीच्या निऱ्या धरायच्या. याला नाव 'प्रॅक्टिकल'. नवरीकडून मेकअपचे हजारो रुपये घेतले जातात, मुलीला रिक्षाभाडंही स्वतःच द्यावं लागतं. काम करत करत शिकण्यात वाईट काहीच नाही, पूर्वी सगळे कारागीर असेच शिकले. पण उस्तादाकडे उमेदवारी करणारा मुलगा उस्तादाला फी देत नव्हता. इथे फीही आपण द्यायची आणि राबायचंही आपणच.

दुसरीचा अनुभव यापेक्षा जास्त लागणारा. गिऱ्हाइकावर हात चालवायला नको म्हणून मुलींना एकमेकींवर सराव करायला सांगतात. ते ठीकच आहे. पण हेअर कलर लावण्याआधी त्वचेवर थोडासा लावून ४८ तास वाट पाहायची असते, हे कलरच्या डब्यावरच छापलेलं असतं. काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन बहुतेक वेळा असतं आणि काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी असते. त्या मुलीच्या कपाळावर, कानामागे पुरळ उठलं, डोळे सुजले. 'तुझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे,' असं सांगून तिला घरी पाठवलं आणि त्या दिवसाची गैरहजेरी लावली! पॅच टेस्ट शिकवायची बाब होती, नेमकी तीच शिकवली नव्हती.

शिकायला आलेल्या बाईचं डोकं म्हणजे आपली फळी-खडू, ही समजूत फक्त गल्लीबोळातल्या पार्लरची नाही. जानेवारी २०२२ मधला तो व्हिडिओ आठवतो का? उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगरला पार्लरवाल्यांसाठी एक कार्यशाळा होती. जावेद हबीब यांच्यासारखा देशभर नाव असलेला हेअर स्टायलिस्ट समोर. त्यांनी मंचावर बोलावलेल्या एका महिलेच्या केसांवर पाणी नाही म्हणून चक्क थुंकून दाखवलं. ती स्वतः पार्लर चालवणारी बाई. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, गुन्हा दाखल झाला, हबीब यांनी माफी मागितली. माझ्या मनात मात्र राहिला तो समोरचा हशा. समोर बसलेले सगळे शिकायलाच आले होते ना?

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत 'मॅरिनेलो स्कूल्स ऑफ ब्युटी' नावाची मोठी साखळी होती, पन्नासहून अधिक शाखांची. २०१६ च्या फेब्रुवारीत ती एकदम बंद पडली. पुढे चौकशीत जे निघालं ते वाचताना मला आमच्या पडद्याआडच्या गाळ्याची आठवण झाली. कित्येक आठवडे, काही ठिकाणी महिनोन्‌महिने वर्गावर शिक्षकच नसायचे, आणि केस कसे कापायचे यासारखी मूळ गोष्टसुद्धा धड शिकवली जात नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने सुमारे २८,००० विद्यार्थ्यांचं मिळून २३ कोटी ८० लाख डॉलरचं शैक्षणिक कर्ज माफ केलं. तिथे कर्ज सरकारी होतं, त्यामुळे सरकारला ते माफ करता आलं. बचत गटाचं कर्ज कोण माफ करणार?

तिकडे आणि इकडे आणखी एक फरक आहे. अमेरिकेत राज्याची परीक्षा देऊन परवाना मिळाल्याशिवाय केस कापायचा व्यवसाय करता येत नाही. आपल्याकडे ब्युटीशियनला असा परवाना लागत नाही. म्हणजे सर्टिफिकेट नसलं तरी तुम्ही उद्या पार्लर उघडू शकता, आणि म्हणूनच कुणीही उद्या सर्टिफिकेट छापू शकतो. पत्रकावरच्या 'सरकारमान्य' या शब्दाची गंमत इथे आहे. पुष्कळदा त्यामागे असतं उद्यम नोंदणीचं कागदपत्र. ती नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, स्वतःच माहिती भरून होते, आणि 'हा एक लघुउद्योग आहे' एवढंच सांगते. आयएसओचा शिक्का असेल तर तो व्यवस्थापनाच्या पद्धतीचा असतो, तुम्हाला थ्रेडिंग येतं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. 'इंटरनॅशनल डिप्लोमा'चंही तसंच. या क्षेत्रात सिडेस्को नावाची खरोखरची जुनी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९४६ पासूनची, मुख्यालय झुरिकमध्ये. पण नुसतं इंटरनॅशनल म्हटल्याने कुणी झुरिकला पोहोचत नाही.

मग खरं सर्टिफिकेट कुठलं? आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा १ वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास मुलीला प्रवेश मिळतो, आणि १२०० तासांच्या अभ्यासक्रमात सर्वांत मोठा वाटा प्रात्यक्षिकाचा असतो. छोटा कोर्सच हवा असेल तर 'ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल'शी संलग्न केंद्र आहे का ते बघा, परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो का ते विचारा. ज्याने शिकवलं तोच परीक्षा घेऊन तोच सही करणार असेल तर त्या कागदाला तोंडओळखीपलीकडे किंमत नाही. शिवाय छत्तीसगडमध्ये तर २०१३ पासून कायदाच आहे, तरुणांच्या कौशल्य विकासाच्या हक्काचा. १४ ते ४५ वयाच्या कुणीही प्रशिक्षण मागितलं तर ९० दिवसांत ते उपलब्ध करून द्यायचं, असं तो म्हणतो. आमच्या गल्लीत हे मी ज्यांना सांगितलं त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. खांबावर या कायद्याचं पत्रक कुणी लावत नाही ना!

तिसऱ्या मुलीचं प्रकरण अजून चालू आहे. तिला 'आत्ता काही भरू नकोस, सोपे हप्ते आहेत' म्हणून तिच्याच मोबाइलवरून एका ॲपवर कर्ज काढायला लावलं. संस्थेला पूर्ण रक्कम पहिल्याच महिन्यात मिळाली. चौथ्या महिन्यात संस्थेने गाशा गुंडाळला, हप्ते मात्र दर ५ तारखेला खात्यातून कापले जातात. हप्त्याची फी ही संस्थेने दिलेली सवलत नसते, ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं. ॲपवरून कर्ज देणाऱ्याने एकूण व्याज-खर्चाचा तक्ता आधी दाखवायला हवा आणि विचार बदलला तर दंडाशिवाय परत करायला किमान १ दिवसाची मुदत द्यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एक दिवस खरंच वापरा. घरी दाखवा, वडिलांना, मावशीला, कुणालाही.

पैसे बुडाले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, हिंदीत बोललं तरी चालतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, आपल्यासाठी दुर्गला. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. इथे एक अडचण सांगायला हवी. शिक्षणसंस्था, अगदी व्यावसायिक अभ्यासक्रमवालीसुद्धा, ग्राहक कायद्यात येत नाही, कोचिंग क्लास येतात, असा निकाल राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये दिला आहे. संस्थेचा वकील तो नक्की काढणार. पण मान्यता नसताना मान्यता असल्याची जाहिरात केली तर काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पाटण्याच्या एका डेंटल कॉलेजच्या प्रकरणात दिलं होतं. त्या ११ विद्यार्थ्यांना फी व्याजासकट परत मिळाली, वर भरपाईही मिळाली. त्यांच्या हातात कॉलेजची छापील जाहिरात होती.

म्हणून ते खांबावरचं पत्रक फाडू नका. आधी त्याचा फोटो काढा. फीची पावती संस्थेच्या नावाची घ्या, 'मॅमच्या नंबरवर टाक' म्हटलं तर पैसे भरताना ते कशाचे आहेत ते तिथेच लिहा. मूळ मार्कशीट कुणी ठेवून घ्यायला मागितली तर झेरॉक्स द्या. आणि प्रवेशाआधी एक दुपार तिथे नुसती बसून या, शक्यतो शनिवारची, गर्दीची. पडद्याच्या पलीकडे कात्री कुणाच्या हातात आहे आणि झाडू कुणाच्या, ते अर्ध्या तासात कळतं.