नारुतोला जरा थांबायला सांगा!

मागच्या सेमिस्टरला आमच्या जपानी भाषेच्या वर्गात एक पाहुणे आले होते. निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, वय सत्तरीच्या आसपास, अत्यंत सभ्य गृहस्थ. आमच्या मॅडमनी (त्यांना 'सेन्सेई' म्हणायचं असतं) मला पुढे ढकललं, कारण वर्गात सगळ्यात जास्त बडबड मीच करतो. पाहुण्यांनी अगदी सावकाश, स्पष्ट जपानीत विचारलं, इथून रेल्वे स्टेशन किती लांब आहे? मला काही अंदाज नव्हता. मी छाती पुढे काढून उत्तर दिलं, "शिरानेऽऽ!"

मागच्या बाकावरचे दोघं फिस्सकन हसले. सेन्सेईंनी डोळे मिटून घेतले. पाहुणे मात्र एकदम खूश! त्यांनी पुढे वाकून विचारलं, "कोणती मंगा वाचता?"

पुस्तकातल्या जपानीत 'माहीत नाही' याला 'शिरिमासेन' किंवा जरा नरमाईने 'वाकारिमासेन' म्हणतात. 'शिराने' म्हणजे साधारण "मला काय माहीत बे!" माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाला मी हे सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, आणि वर ऐटीत. शिकलो कुठून? तर मारामारीच्या मंगातून. तिथे सगळे हीरो असंच बोलतात.

हा किस्सा आता सांगायचं कारण म्हणजे वाचनालयात लागलेली यादी. यंदा हॉस्टेलच्या वाचनालयाने जपानी वर्गासाठी मूळ जपानीतल्या मंगा मागवायचं ठरवलंय, आणि कोणत्या हव्यात ते मुलांनीच लिहायचं आहे. (ग्रंथपाल सरांचे याबद्दल मनापासून आभार. कॉमिक्ससाठी वाचनालयातून पैसे सुटणं म्हणजे चमत्कारच!) परवा यादी बघितली. नारुतो, वन पीस, डेथ नोट, अटॅक ऑन टायटन, परत नारुतो. एकाने तर नारुतोचे ७२ च्या ७२ खंड लिहिलेत. आता एवढ्या पैशात येणार किती, तर दहा-बारा पुस्तकं. ती कपाटात धूळ खात पडली तर पुढच्या वर्षी कोणी आपल्याला उभं करणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आता तुम्ही म्हणाल, आवडीचं वाचू नको तर काय वाचू? आवड नसेल तर दुसऱ्या पानावर झोप येईल. मुद्दा बरोबर आहे. मीही असाच विचार करून नारुतोचा पहिला खंड जपानीत घेतला होता. गोष्ट पाठ होती, इंग्रजीत दोनदा वाचलेली, आणि भराभर पानं उलटत होती. मला वाटलं, आली की भाषा! मग सेन्सेईंनी एक पान उघडलं, चित्रं हाताने झाकली आणि फक्त फुग्यातलं एक वाक्य वाचायला सांगितलं. अर्थ सांगता येईना. म्हणजे इतके दिवस मी जपानी वाचतच नव्हतो, चित्रं बघून इंग्रजी आठवत होतो. पाठ असलेली गोष्ट पहिल्यांदा घेऊ नये असं माझं मत तिथे झालं, आणि ते अजून बदललेलं नाही.

दुसरी अडचण शब्दांची. नारुतो वाचून तुम्हाला 'निंजुत्सु' येईल. 'चाक्रा' तर येईलच, तो आपल्याकडूनच तिकडे गेलेला शब्द! अटॅक ऑन टायटन वाचून 'रित्ताइ किदोओ सोओची' येईल, म्हणजे ते कमरेला बांधून इमारतींवरून उडायचं यंत्र. पण टॉवेल, ताप, सुट्टे पैसे, छत्री, उद्या, शेजारी? ओसाकाच्या किंवा नागोयाच्या कंपनीत गेल्यावर पहिल्या आठवड्यात यातलं काय लागणार, तुम्हीच सांगा. डेथ नोटचं तर विचारूच नका. हुशार माणसं समोरासमोर बसून पानंच्या पानं तर्क लढवतात आणि एकेक फुगा आपल्या व्हायवाच्या उत्तरापेक्षा लांब. वन पीस १९९७ पासून चालू आहे, शंभरावर खंड झालेत आणि पात्रागणिक बोलायची तऱ्हा वेगळी. आपल्याला घाटावरचं, कोकणातलं, वऱ्हाडातलं मराठी एकाच पानावर आलं तरी कळतं, कारण मधलं मराठी आपल्याला आधीपासून येतं. ते 'मधलं' जपानी अजून यायचं असताना एकदम कडा दिसायला लागल्या की माणूस गोंधळतो.

'मिन्ना नो निहोंगो' या आपल्या पुस्तकात मिलरसान नावाचा एक गृहस्थ आहे, तो विसाव्या धड्यापर्यंत सगळ्यांशी 'मास' लावून, आदराने बोलतो. मित्रांतली साधी बोली विसाव्या धड्यात येते, आज्ञार्थ तर तेहतिसाव्यात. मंगात मात्र पहिल्याच पानावर मित्र, भावंडं, शत्रू! त्यात जोडाक्षरांसारखी घट्ट झालेली रूपं. 'खाऊन टाकलं' हे पुस्तकात 'ताबेते शिमात्ता', बोलताना 'ताबेचात्ता'. शब्दकोशात शोधत बसा, सापडत नाही. आपण नाही का, 'काय करत आहेस' लिहितो आणि 'काय करतोयस' बोलतो! ही रूपं शिकायचीच आहेत, आणि मंगाइतकी चांगली ती कुठेच शिकता येत नाहीत. फक्त ती कोणाच्या तोंडून ऐकायची ते ठरवायला हवं. आईने मुलाला म्हटलेली ऐकायची, की तलवार उपसलेल्या माणसाने म्हटलेली?

सर्वनामांचंही तसंच. मराठीत 'तू, तुम्ही, आपण' एवढ्यावर भागतं आणि 'मी' सगळ्यांचा सारखाच. जपानीत 'मी'सुद्धा निवडावा लागतो. 'वाताशी' सभ्य, 'बोकु' मुलगे म्हणतात आणि 'ओरे' म्हणजे कॉलर ताठ केलेला मी. वर्गातली एक मैत्रीण महिनाभर 'ओरे' म्हणत होती. मुली सहसा म्हणत नाहीत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. 'किसामा' तर आणखी गमतीचा. मुळात हा शब्द आदराचा होता, आज तो तोंडावर मारलेली शिवी आहे. मंगात तो दर चार पानांनी येतो, खऱ्या आयुष्यात कधीच येऊ नये.

तर मग घ्यायचं काय?

माझं पहिलं मत 'योत्सुबातो!'ला. लेखक-चित्रकार कियोहिको अझुमा, २००३ पासून येतेय. पाच वर्षांची योत्सुबा, घरी बसून भाषांतराचं काम करणारे तिचे बाबा आणि शेजारच्या तीन बहिणी. बस्स! खलनायक नाही, जगबुडी नाही. पहिल्या खंडात ती नव्या घरात राहायला येते, शेजाऱ्यांची ओळख होते, सिकाडा किडे पकडते, पावसात भिजते. एसीमुळे पृथ्वी तापते असं ऐकून एसीवाल्यांना पृथ्वीचे शत्रू समजायला लागते. (थर्मोच्या सरांना हे प्रकरण जरूर दाखवा.) नावातच व्याकरण आहे. 'तो' म्हणजे 'आणि', म्हणजे पुस्तकाचं नाव झालं 'योत्सुबा आणि...!' आणि प्रत्येक प्रकरणाचं नाव तसंच, योत्सुबा आणि घर बदलणं, योत्सुबा आणि नमस्कार-चमत्कार. जे घडतं ते चित्रात दिसतं आणि जे दिसतं त्याबद्दलच माणसं बोलतात. यापेक्षा चांगला मास्तर कुठे मिळणार?

माझ्या रूममेटचा अभिप्राय मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो: "अरे, यात काहीच होत नाही!" दुसरी तक्रार माझी स्वतःची. योत्सुबा लहान असल्यामुळे तिची वाक्यं बरीचशी नुसत्या हिरागानात असतात. आपल्याला वाटतं, वा, कांजी नाही म्हणजे सोपं! पण जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. 'मीउद्यासकाळीमेसमध्येयेणारनाही' हे पटकन वाचून दाखवा बघू. कांजी असली की निदान शब्द कुठे सुरू होतो ते कळतं. म्हणून मी तिच्या बाबांची वाक्यं आधी वाचायचो, तिची नंतर.

इथे फुरिगानाबद्दल सांगायलाच हवं, कारण यादी करताना कोणी ते बघितलेलं दिसत नाही. कांजीच्या बाजूला बारीक हिरागानात तिचा उच्चार छापलेला असतो, तो फुरिगाना. रोजच्या वापराच्या कांजींची सरकारी यादी २०१० पासून २१३६ अक्षरांची आहे आणि आपल्याला येतात शंभर-दीडशे. फुरिगाना असेल तर शब्द वाचून कोशात शोधता येतो. नसेल तर बोटाने चित्र काढत बसा, त्यात एक रेघ चुकली की गेलं. शाळकरी मुलांच्या मासिकांतल्या, म्हणजे शोओनेन आणि शोओजो मंगात तो प्रत्येक कांजीला असतो. मोठ्यांच्या, 'सेइनेन' मंगात बहुधा नसतो. मोबाईलवरच्या चोरट्या स्कॅनबद्दलही बोलतो, कारण आपल्या मजल्यावर तेच चालतं. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यात फुरिगाना मुंगीएवढा आणि पुसट दिसतो. 'हा'वर दोन रेघा असल्या तर 'बा' आणि छोटं वर्तुळ असलं तर 'पा', हे तिथे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. छापील पुस्तकासाठी मी भांडतोय ते याचसाठी.

दुसरं मत डोरेमॉनला. हसू नका! आपण सगळे त्याला हिंदीत बघत वाढलो म्हणून तो आपल्याला बालवाडीचा वाटतो. फुजिको एफ. फुजिओंनी १९६९ च्या अखेरीस तो सुरू केला, इयत्तावार निघणाऱ्या मुलांच्या मासिकांतून. मूळ संग्रह ४५ खंडांचा आहे, पण गोष्टी सुट्या आणि छोट्या, त्यामुळे कुठलाही एक खंड आला तरी चालतो. (नारुतोचा एकच खंड घेऊन काय करणार?) मघाशी म्हटलं पाठ असलेली गोष्ट नको, पण इतक्या सुट्या गोष्टींत न पाहिलेल्या भरपूर निघतात. शिवाय यंत्रांची नावं फोडून बघितली की शब्द कसे बनतात ते कळतं. 'दोको' म्हणजे कुठे, 'दोकोदेमो' म्हणजे कुठेही, 'दोकोदेमो दोआ' म्हणजे कुठेही नेणारं दार. एकदा हे कळलं की 'कधीही', 'कोणीही', 'काहीही' त्याच साच्यातून निघतात. आणि तो पाठांतराचा पाव! वहीच्या पानावर दाबायचा, अक्षरं पावावर उमटतात, खाल्ला की पाठ. नोबिता परीक्षेच्या आदल्या दिवशी इतके खातो की पोट बिघडतं आणि पाठांतर संडासात वाहून जातं. पीएलमध्ये वाचायला याहून योग्य साहित्य नाही.

शिनचॅन कोणी सुचवणार असेल तर माझा विरोध. तो पाच वर्षांचा असला तरी मंगा १९९० मध्ये मोठ्यांच्या मासिकात सुरू झाली, आणि त्याचा सगळा विनोदच चुकीच्या बोलण्यावर आहे. घरी आल्यावर 'तादाइमा' म्हणायचं असतं आणि घरातल्यांनी 'ओकाएरी'. हा पठ्ठ्या स्वतःच घरात शिरताना 'ओकाएरी' म्हणतो. ज्याला बरोबर काय ते माहीत आहे तोच हसतो. आपण ते पाठ करून येऊ!

'डॉक्टर स्टोन'चा मोह मलाही झाला होता. इंजिनिअरिंगवाल्यांसाठीच काढल्यासारखी, शून्यातून साबण, काच, वीज, आणि फुरिगानाही आहे. सल्फ्युरिक आम्ल 'र्यूसान', नायट्रिक आम्ल 'शोओसान'. पण प्रत्येक पानावर इतके शब्द की पहिल्या प्रकरणाला मला अकरा दिवस लागले. ती एन-थ्री वाल्यांसाठी एक खंड आणावी. आपल्या वर्गात असे चौघं आहेत, त्यांचाही हक्क आहेच.

एक खाजगी गोष्ट सांगतो. मी कॉन्व्हेंटचा. शाळेत मराठी होतं, पण तिसरी भाषा म्हणून, पास होण्यापुरतं. मराठी वाचायला मी खऱ्या अर्थाने शिकलो मावशीच्या घरी सुट्टीत, 'चिंटू'च्या पुस्तकांतून. तीन-चार चौकटी, पप्पू, मिनी, बगळ्या, आई-बाबा. त्यात 'आगाऊपणा', 'हट्ट', 'शिकरण' असे शब्द मिळाले, जे आमच्या इंग्रजी घरात कोणी वापरत नव्हतं. त्या वेळी मावशीने माझ्या हातात ऐतिहासिक कादंबरी दिली असती, तर आज हा लेख मी इंग्रजी विभागात दिला असता. मावशीला मुलाची पातळी कळली, एवढंच. योत्सुबा वाचताना मला सारखी ती सुट्टी आठवते.

मी केइगो, म्हणजे कंपनीतली आदराची भाषा, मंगातून येईल असं म्हणत नाहीये. ती पुस्तकाच्या शेवटच्या दोन धड्यांतून आणि सेन्सेईंच्या ओरड्यातूनच येणार. आणि नारुतोशी माझं वैरही नाही. ज्याला एका पानात दहाच्या आत शब्द अडतील त्याने खुशाल घ्यावा, मीही घेणार आहे.

ऑर्डर गॅदरिंगनंतर जाणार आहे. यादी काउंटरवरच आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं. मी योत्सुबाचे पहिले तीन खंड, डोरेमॉनचे कुठलेही चार आणि डॉक्टर स्टोनचा एक असं लिहून आलोय. ज्याने नारुतोचे ७२ लिहिलेत तो माझा रूममेटच आहे. काल रात्री लाइट गेल्यावर तो मोबाईलच्या उजेडात योत्सुबाचं पावसाचं प्रकरण वाचत बसला होता. विचारलं तर म्हणाला, "शिराने."