जीपचा बंब

माळव्यातील पुष्कळ मराठी घरांपुढे अजूनही एखादी जुनी जीप उभी असते. शेतावर जावे, सोयाबीनची पोती आणावीत, पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन जानापावाचा डोंगर चढावा, अशी तिची कामे. तिच्या रंगाची काळजी घेणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले. रेडिएटरमध्ये डोकावणारे मात्र थोडे.

इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा रेडिएटरमार्गे बाहेर टाकावा लागतो. हमरस्त्यावर समोरचा वारा त्यास हातभार लावतो. शेतवाटेवर जीप बैलगाडीच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये कण्हत जाते. तेथे सारी भिस्त पंख्यावर. त्यातच गवताचे तुरे, सोयाबीनचा भुसा आणि काळ्या मातीचा चिखल जाळीत बसतो. तो पाण्याच्या मंद धारेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुवावा. जोरदार फवाऱ्याने जाळीच्या नाजूक पापण्या वाकतात व वाऱ्याची वाटच बुजते.

पाणी कोणते घालावे, हा खरा प्रश्न. आपल्याकडील बोअरिंगचे पाणी बंबाच्या आत कसा पांढरा थर धरते, हे गृहिणींना सांगावयास नको. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे. कूलंट केवळ थंड मुलखासाठी असते, हा समज चुकीचा. त्याने गंज रोखला जातो आणि उत्कलनबिंदूही वाढतो. इंदूरच्या उंचीवर साधे पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते, हे ध्यानी घ्यावे.

रेडिएटरचे झाकण हे कुकरच्या शिट्टीचे भावंड. ७ पौंड दाबाचे झाकण उत्कलनबिंदू सुमारे ११ अंशांनी वर नेते. त्याचे रबर चिरले की दाब गेला, आणि घाटाच्या मध्यावर वाफा आल्याच. अशा वेळी तापलेले झाकण उघडणे म्हणजे उकळते पाणी तोंडावर घेणे. इंजिन बंद करावे, अर्धा-पाऊण तास सावलीत बसावे, झाकण हातास थंड लागल्यावरच कापड धरून हळूहळू फिरवावे. तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड तडकण्याचे भय असते.

काही मिस्तरी गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडावा, तशातला हा प्रकार! इंजिन अति थंड राहिले तर इंधन अधिक जाते व झीजही वाढते. दोष बहुधा तुंबलेल्या नळ्यांत, सैल पट्ट्यात किंवा गळक्या पंपात असतो. पंखा थांबलेला असताना पट्टा मध्यावर बोटाने दाबावा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. रबरी नळ्या गार असताना चिमटून पाहाव्यात. पिचपिचीत वा भेगाळलेली नळी ओढ्यात दगा देण्यापूर्वीच बदलावी.

साधे कूलंट बहुधा दोन वर्षांनी बदलतात. डब्यावरील मुदत पाहावी. काढलेले जुने द्रव मात्र अंगणात वा गटारात ओतू नये. ते चवीस गोडसर आणि विषारी असते. कुत्री, वासरे ते चाटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावे आणि पुढच्या खेपेस गॅरेजवाल्याकडे सोपवावे.