घाण्याला जुंपलेले शूरवीर

पुनरावृत्ती वाईट नाही. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून ‘तुम्हाला धीरच नाही हो’ असं म्हणणारे चार जण तरी हमखास उभे राहतील. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. आवक-जावक रजिस्टरात रोज तेच रकाने भरतो. धीर म्हणजे काय, हे मला गेमवाल्यांनी शिकवायची गरज नाही.

विषय आहे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राक्षस, जादूगार, बुटके, ड्रॅगन यांची एक अफाट मायानगरी. तुम्ही एक पात्र घ्यायचं, योद्धा किंवा मांत्रिक किंवा आणखी कोणी, आणि जगभरच्या हजारो खेळाडूंबरोबर तिथे वावरायचं. नोव्हेंबर २००४ मध्ये हा खेळ आला, २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले. दरमहा वर्गणी भरायची आणि खेळायचं. २००८-०९ च्या सुमारास मी तो खेळत असे. मग संसार, नोकरी, बदली... सुटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विसाव्या वाढदिवसानिमित्त कंपनीने जुन्या स्वरूपाचे नवे सर्व्हर उघडले, तेव्हा पुन्हा गेलो. आणि परत गेल्यावर जे दिसलं त्यावर हे भांडण आहे.

खेळात वेस्टफॉल नावाचा एक शेतांचा मुलूख आहे. तिथे साल्मा साल्डीन नावाची शेतकरीण तुम्हाला सांगते, रानडुकरांच्या आठ कलेज्या आणून दे, छान पदार्थ करून घालते. तुम्ही तलवार परजून निघता. पहिलं डुक्कर मारता, कलेजी नाही. दुसरं मारता, नाही. पाचव्याला मिळते, मग पुढच्या चौघांना नाही. आमच्या सत्तरीत ज्याच्या बागायतीत रानडुकरं शिरतात त्या कोणालाही विचारा, कलेजी नसलेलं रानडुक्कर त्याने पाहिलंय का म्हणून! पण इथे आठ कलेज्यांसाठी वीस-पंचवीस डुकरं सहज पडतात. तेवढं झालं की दुसरा मुलूख. तिथे दहा लांडगे मारा, बारा कोळ्यांचे पाय आणा, हे पत्र पलीकडच्या गावी पोचवा. म्हणजे शूरवीर म्हणून भरती व्हायचं आणि शिपायाचं काम करायचं.

पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला ४०० गुण लागतात. एकोणसाठाव्यावरून साठाव्यावर जायला दोन लाखांहून जास्त. या सगळ्याला इंग्रजीत ‘ग्राइंड’ म्हणतात, म्हणजे दळण. मराठीत याहून नेमका शब्द आहे: घाणा. दळण दळलं तर निदान आपल्या घरी पीठ येतं. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, मैलोगणती चालतो, आणि संध्याकाळी असतो तिथेच असतो. तेल दुसरा घेऊन जातो.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. त्यांचा पहिला आणि सगळ्यात भारदस्त युक्तिवाद म्हणजे रियाज. ‘गवई नाही का तोच पलटा हजार वेळा घोटत? मग खेळाडूने घोटलं तर काय बिघडलं?’

गोमंतकीय माणसापुढे हा युक्तिवाद करायला धाडस लागतं. केरीच्या केसरबाईंनी आणि कुर्डीच्या मोगूबाईंनी अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत वर्षानुवर्षं घोटलं, हे खरंच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली तिच्यात केसरबाईंचा आवाज आहे. पण त्या घोटण्यात काय होत होतं ते बघा. पलटा तोच राहतो, गळा बदलतो. हजाराव्या वेळेचा पलटा पहिल्या वेळेचा नसतो, कारण म्हणणारा माणूस तो उरलेला नसतो. तंबोरा काढून घेतला, दिवे घालवले, तरी ती विद्या गळ्यात राहते.

घाण्याच्या खेळात नेमकं उलटं होतं. तिथे आकडे बदलतात, खेळणारा तोच राहतो. दहाव्या लेव्हलला माझ्या वारात जेवढा जोर असतो त्याच्या कितीतरी पट चाळिसाव्याला असतो, पण समोरच्या जनावराचा जीवही तेवढाच वाढवलेला असतो. बटणं तीच, क्रम तोच, मरायला लागणारा वेळ जवळपास तोच. सर्व्हर बंद झाला की ती साठावी लेव्हल कुठे असते? मग याला रियाज कशाला म्हणता?

या खेळात कौशल्य नाहीच, असं माझं म्हणणं नाही. चाळीस जणांनी मिळून ‘मोल्टन कोअर’ या ज्वालामुखीच्या पोटात उतरायचं आणि शेवटी रॅग्नरॉस या अग्निराक्षसाला पाडायचं, यात कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कधी थांबायचं हे शिकावं लागतं. तो पहिल्यांदा पडतो तेव्हा चाळीसही जण काहीतरी शिकलेले असतात. तो खरा विजय. पण पुढच्या आठवड्यात तो राक्षस पुन्हा जिवंत होऊन बसलेला असतो, आणि तुम्हाला पुन्हा जावं लागतं. कारण चाळीस जणांत मोजक्याच वस्तू पडतात आणि तुमचा नंबर अजून लागलेला नसतो. मग कोण किती वेळा हजर होता, कोणाच्या खात्यात किती गुण, कोणी किती खर्च केले, याचा हिशेब टोळीतला कोणी तरी ठेवतो. ही पद्धत ‘एव्हरक्वेस्ट’ या १९९९ च्या खेळातल्या टोळ्यांनी काढली, तीच इथे आली. हजेरीपट आणि सेवाज्येष्ठता! हे मी दिवसा करतो, मंडळी, आणि त्याचे मला पैसे मिळतात.

दुसरं बघा. हा खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचणीतली एक गोष्ट रचनाकारांनी स्वतःच सांगितलेली आहे. खेळाडूंनी सलग फार वेळ खेळू नये म्हणून त्यांनी अशी योजना केली होती की काही वेळाने पात्र थकावं आणि त्याला अर्धेच गुण मिळावेत. खेळाडू खवळले. मग रचनाकारांनी शब्द बदलले. थकल्यावरच्या दराला नाव दिलं ‘नेहमीचा दर’ आणि आधीच्या नेहमीच्या दराला म्हटलं ‘विश्रांतीचा दुप्पट बोनस’. हिशेब तोच. खेळाडू खूश झाले. आजही पात्राला खाणावळीत झोपवून आलात की दुसऱ्या दिवशी दुप्पट गुण मिळतात आणि आपल्याला काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. भत्ता मूळ पगारात मिळवून ‘पगारवाढ’ म्हणून सांगितला तर कोणता कर्मचारी फसेल? आमच्या कचेरीतला नवा एल.डी.सी.सुद्धा नाही. आणि तोच माणूस रात्री खेळायला बसला की फसतो.

आकड्यांची गंमत इथेच संपत नाही. वर्षानुवर्षं आकडे चढवत नेले, ते इतके फुगले की २०१४ मध्ये कंपनीला हत्यारांचे आणि ताकदीचे सगळे आकडे दाबून लहान करावे लागले. २०२० मध्ये लेव्हलींचंही तेच झालं. जो १२० व्या लेव्हलला होता तो एका सकाळी ५० व्या लेव्हलला जागा झाला. शक्ती तेवढीच, डुक्कर तेवढंच, फक्त फिक्सेशन नवं. मग त्या मधल्या सत्तर लेव्हली म्हणजे काय होतं? लोकांच्या संध्याकाळी होत्या. दुसरं काही नाही.

आणि २०१६ ते २०२२ चा काळ तर कळसच. २०१६ मध्ये प्रत्येकाला एक दिव्य शस्त्र दिलं. रोज खपून त्यात शक्ती भरा म्हणाले. लोकांनी दोन वर्षं भरली. २०१८ मध्ये नवा भाग आला, कथेतच त्या शस्त्राची शक्ती काढून घेतली आणि हातात एक हार दिला. आता यात भरा. २०२० मध्ये हारही गेला, तिसरंच काही आलं. खेळाडूंनीच याला ‘उसनी शक्ती’ असं नाव ठेवलं. शेवटी २०२२ च्या भागात कंपनीने हे चक्र थांबवलं. ज्यांना तेव्हा ‘टीकाकारांना मेहनत नको असते’ असं वाटत होतं त्यांनी याचं उत्तर द्यावं, की मेहनत इतकी मोलाची होती तर बनवणाऱ्यांनीच ती का सोडली?

यावर जुन्या खेळाचे भक्त म्हणतात, ‘म्हणूनच तर आम्ही जुन्या सर्व्हरवर खेळतो. तिथला संथपणा हीच मजा. रस्त्याने चालत जायचं, माणसं जमवायची, बोलायचं.’ या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. डिसेंबर २००९ मध्ये खेळात आपोआप गट जमवून देणारी सोय आली आणि तिने बोलणं संपवलं. त्याआधी गुहेत उतरायला चार सोबती शोधावे लागत, त्यांना नावाने ओळखावं लागे. कोणी दगा दिला तर सगळ्या सर्व्हरवर त्याची अब्रू जाई.

पण यात गल्लत होते. ती गोडी सोबतीची होती, डुकरांची नव्हती. आपल्याकडे जत्रेत गावची पोरं नाटक करतात. ‘सौभद्र’ १८८२ चं, ‘संशयकल्लोळ’ही शंभरी ओलांडलेलं. कोण कोणाला शेवटी मिळणार हे म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. तरी मंडप भरतो, रात्र जागते. पुनरावृत्तीच ती! पण यंदा नारद कोण करतोय, मागल्या वर्षी घाबरलेला पोरगा यंदा पद कसं उचलतो, हे बघायला माणसं येतात. तालीम दोन महिने चालते ती त्या एका रात्रीसाठी, आणि ती रात्र उजाडते. पडदा पडतो. घाण्याला पडदा नाही. तो पाडला तर वर्गणी थांबेल. संथपणा आणि घाणा या दोन गोष्टी आहेत. दिंडी संथ असते, पण ती पोचते.

शिवाय आज जुन्या सर्व्हरवर जाऊन बघा, संथपणा कुठे आहे? प्रत्येक मोहिमेचा सगळ्यात जवळचा रस्ता, प्रत्येक राक्षसाचा सगळ्यात स्वस्त उपाय आधीच काढून ठेवलेला. विचारलं तर उत्तर येतं, ‘याने ताशी गुण जास्त पडतात.’ ताशी! खेळाला ताशी दर लागू झाला की तो खेळ उरत नाही, मस्टर रोल होतो. हा दोष कंपनीचा नाही, आपला आहे. घाण्याचा जू आपणच खांद्यावर घेतला आणि तेल जास्त कसं निघेल याची चर्चा करत बसलो.

शेवटचा युक्तिवाद सगळ्यात सोपा: ‘नको तर खेळू नका. सक्ती कोणी केलीय?’ बरोबर, सक्ती कोणी केलेली नाही. पण २००० च्या दशकात चीनमध्ये तरुण मुलं पाळ्यांमध्ये बसून हाच खेळ पगारावर खेळत होती, हे जगजाहीर आहे. दिवसभर तेच राक्षस मारून सोनं गोळा करायचं आणि ते दूरदेशीच्या खेळाडूंना खऱ्या पैशांत विकलं जायचं. कंपनीने हा धंदा निषिद्ध ठरवला होता. पुढे २०१५ मध्ये तिनेच रीतसर सोय काढली: खऱ्या पैशांनी एक टोकन घ्या आणि ते खेळातल्या सोन्यावर विका. नाटकाचं तिकीट काढून कोणी ‘माझ्याऐवजी तू बघून ये’ असं दुसऱ्याला सांगत नाही. आपल्या ताटातलं जेवायला कोणी मजूर लावत नाही. जे करणं टाळण्यासाठी माणसं खिशातून पैसे मोजतात, ते काम असतं. त्याला खेळ हे नाव देऊन भागत नाही.

आणि काम असेल तर कामाचे प्रश्न विचारायला हवेत. याचं मोल काय? कोणाला मिळतं? सुट्टी केव्हा? चाळिशीतल्या माणसाकडे कचेरी, बाजार, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधं सगळं आटोपून रात्री दोन तास उरतात. त्या दोन तासांत कोणी पुस्तक वाचतं, कोणी भजनाला बसतं, कोणी खेळतं. माझ्या मते तिन्ही सारखेच मानाचे. खेळणं पोरकट असतं असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. खेळाला मी मोठी गोष्ट मानतो, म्हणूनच त्याच्या नावावर घाणा खपवलेला मला चालत नाही.

मी वर्गणी बंद केलेली नाही. नवा मुलूख असेल, न पाहिलेली दरी असेल, सोबत बोलणारं माणूस असेल तोवर चालतो. रस्ता संपून रिंगण सुरू झालं की उठतो, लेव्हल कितीही असो. साठावी गाठायचं माझ्यावर कोणाचं देणं नाही. साल्माबाईंच्या आठ कलेज्यांपैकी पाच जमल्या आहेत. उरलेल्या तीन त्यांनी बाजारातून आणाव्यात.